टर्बो गाडी: किटच्या आधी पाईप बघा
खंबाटकी घाट चढताना टर्बो गाडी (इंजिनात दाबाने हवा भरणारी) दम टाकत असेल, तर ताकद वाढवणाऱ्या परफॉर्मन्स किटवर पैसे घालण्याआधी बॉनेट उघडा. इंजिन गार असताना टर्बो ते इंटरकूलर (ती हवा गार करणारा भाग) आणि तिथून इंजिनापर्यंतच्या पाईपांचे क्लॅम्प हाताने हलवून बघा. सांध्याबाहेर ताजा, तेलकट काळा डाग दिसला तर दाबाची हवा बहुधा तिथूनच निसटतेय. पाईपाच्या आत तेलाचा हलका थर असतोच, त्याला घाबरू नका.

ऊसतोडीच्या हंगामात साताऱ्याकडच्या धुळीत एअर फिल्टर लवकर तपासा. उघडा, शंकूसारखा कोन फिल्टर मात्र नकोच. तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो. आवाज वाढतो, ताकद नाही! तेल लावायचा कापडी फिल्टर असेल तर तेल बेताने. जादा झालं की आत जाणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरवर बसतं आणि रीडिंग चुकतं. कंपनीचं किट घेतलंच, तर ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या) मॅपसकट, म्हणजे सेटिंगसकट घ्या.