जँगोत रोलबॅकवर विसंबण्याआधी

जँगो (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) मुळात ऑटोकमिटवर चालतो: क्वेरी झाली की लगेच कमिट, म्हणजे बदल डेटाबेसमध्ये कायम. कमिटआधी बदल मागे घेणं म्हणजे रोलबॅक. ऑर्डर सेव्ह झाली आणि पुढच्याच ओळीत स्टॉक कमी करताना एरर आला, तर ऑर्डर टेबलात तशीच राहते. म्हणून ज्या राइट (डेटाबेसमधले बदल) एकत्रच व्हायला हव्यात त्या आधी हेरा आणि तेवढाच भाग 'ट्रान्झॅक्शन डॉट अ‍ॅटॉमिक'मध्ये घ्या, म्हणजे त्यातलं सगळं होतं किंवा काहीच होत नाही. 'अ‍ॅटॉमिक रिक्वेस्ट्स' ही सेटिंग चालू केली तर प्रत्येक व्ह्यू (रिक्वेस्टला उत्तर देणारा कोड) आपोआप त्यात येतो, पण मिडलवेअर (व्ह्यूच्या आधी-नंतर चालणारा कोड) बाहेरच राहतं. शिवाय व्ह्यू दुसऱ्या सर्व्हरच्या उत्तराची वाट बघत बसला की घेतलेली लॉकही (रोवरची कुलपं) तितका वेळ अडकून पडतात. मायएसक्यूएल असेल तर टेबलं इनोडीबी या स्टोरेज इंजिनचीच आहेत ना, हे तपासा. मायआयसॅम या दुसऱ्या इंजिनवर रोलबॅक होतच नाही.

आता प्रत्येक ट्राय-एक्सेप्ट नीट वाचा, सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. एक्सेप्शन अ‍ॅटॉमिक ब्लॉकच्या बाहेर पडलं तरच जँगोला बिघाड कळतो. व्हॅल्यूएरर आतच गिळला, तर अर्धवट काम गुपचूप कमिट होतं. सेव्ह करताना आलेला इंटिग्रिटीएरर (उदा. डुप्लिकेट रो) आत गिळला, तर पुढची क्वेरी ट्रान्झॅक्शन-मॅनेजमेंट-एरर देते. तेव्हा ट्राय बाहेर, अ‍ॅटॉमिक आत. डुप्लिकेट येऊ शकेल अशा एकाच ओळीला आत वेगळा अ‍ॅटॉमिक द्या. तिथे सेव्हपॉइंट (तेवढ्यापर्यंतच मागे येण्याची खूण) पडतो आणि बाकीचं काम वाचतं. व्ह्यूने ४०० चा (चुकीच्या रिक्वेस्टचा) रिस्पॉन्स नुसता रिटर्न केला तर तेही जँगोच्या लेखी यशच, म्हणजे कमिट. तिथे 'सेट रोलबॅक' ट्रू करा.

रोलबॅकने टेबल मागे जातं, मेमरीतला ऑब्जेक्ट नाही. तो पुढे वापरायचा असेल तर डेटाबेसमधून पुन्हा वाचा.

मेल आणि सेलरी (मागे वेगळ्या वर्करवर कामं चालवणारं टूल) टास्क 'ऑन कमिट'मध्येच टाका, म्हणजे ती कमिटनंतरच सुरू होतात. नाहीतर वर्कर कमिटच्या आधी पोचतो आणि त्याला रो सापडत नाही. जँगोच्या साध्या टेस्टकेसमध्ये हे कॉलबॅक चालत नाहीत; जँगो ३.२ पासून 'कॅप्चर ऑन कमिट कॉलबॅक्स' आहे, त्याला एक्झिक्यूट ट्रू द्या.

स्टॉक वाचून बदलायचा असेल तर 'सिलेक्ट फॉर अपडेट' लावा, आणि अनेक रो असतील तर सगळीकडे आयडीच्या एकाच क्रमाने लॉक घ्या. तरी डेडलॉक (दोघं एकमेकांच्या लॉकची वाट बघत अडकणं) आलाच, तर शेवटची क्वेरी नव्हे, अख्खा अ‍ॅटॉमिक ब्लॉक बाहेरून पुन्हा चालवा.

लाइव्ह करण्याआधी दोन राइटच्या मधोमध मुद्दाम एक्सेप्शन रेझ करा आणि दोन्ही टेबलांतल्या रो मोजा.