स्टीलच्या पार्टला प्लेटिंग करून घेताय? आधी गंज की घासणं, ते ठरवा

प्लेटिंगवाल्याकडे पार्ट टाकायचा आणि "चकचकीत करून द्या" म्हणायचं, इथेच बहुतेकांचं चुकतं. मीही एकदा असंच केलं, पुढेमागे सरकणाऱ्या एका दांड्याला पैसे वाचवायला झिंक मारून घेतलं, दिसायला एकदम झकास, पण सील जिथे घासत होतं तेवढ्या पट्ट्यातलं झिंक थोड्याच दिवसांत साफ आणि बाकी दांडा नवाकोरा!

तर पहिलं काम, पार्ट कशामुळे खराब होणार ते बघा. पाणी, दमट हवा असेल तर झिंक. ते मऊ असतं, घासण्यापुढे टिकत नाही, पण लोखंडाच्या आधी स्वतः गंजतं (पोटेन्शियल, म्हणजे धातूचा गंजण्याकडचा कल, झिंकचं उणे ०.७६ व्होल्ट, लोखंडाचं उणे ०.४४; जितकं जास्त उणे, तितकं आधी गंजणार), म्हणून छोटा ओरखडा पडला तरी आजूबाजूचं झिंक झिजत राहतं आणि स्टील वाचतं. निकेल-क्रोमचं (खाली निकेल, वर क्रोम) नेमकं उलट. कोटिंग अखंड आहे तोवर ठीक, एक पिनहोल, म्हणजे सुईच्या टोकाएवढं छिद्र, राहिलं की सगळा मार तेवढ्याशा उघड्या स्टीलवर बसतो आणि आत खड्डा पडत जातो.

घासणारा पार्ट असेल तर हार्ड क्रोम, तो ८०० ते १००० विकर्सपर्यंत (विकर्स म्हणजे कडकपणाचं माप) कडक असतो. पण त्यात केसासारख्या बारीक भेगा असतातच, त्यामुळे घासणं आणि पाणी दोन्ही असेल तर खाली निकेलचा थर मागून घ्या. आणि शोभेच्या क्रोमवर भुलू नका, तो जेमतेम पाव-अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, गंज अडवतं ते खालचं निकेल.

मग जाडी लिहून द्या, तोंडी नको. झिंकला घरातल्या कोरड्या जागी ५ ते ८ मायक्रॉन चालतात, बाहेर उघड्यावर १२ ते २५ सांगा, वर पॅसिव्हेशनही (झिंकवर रसायनाने चढवलेला पातळ संरक्षक थर) सांगा नाहीतर पांढरी भुकटी लवकर धरते. आटे असलेल्या पार्टला जाडी आधी हिशोबात धरा, नंतर नट बसत नाही म्हणून रडायचं नाही.

प्लेटिंगआधी पार्ट साफ झालाय का ते डोळ्यांनी बघता येतं. पाण्यात बुडवून बाहेर काढा आणि तिरका धरा. पाण्याचा पापुद्रा सलग राहिला तर तेल गेलंय, थेंब थेंब होऊन फाटला तर अजून चिकट आहे, त्यावर प्लेटिंग केलं तर पुढे पापडी सुटणार.

कडक स्टील असेल, म्हणजे १२.९ ग्रेडचे बोल्ट, स्प्रिंग वगैरे, तर हे विसरू नका: ॲसिडमध्ये आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन स्टीलमध्ये शिरतो आणि नंतर ताण आला की पार्ट अचानक तुटतो, वाकायचं नावच नाही. म्हणून प्लेटिंग झाल्यावर ४ तासांच्या आत साधारण २०० डिग्रीला भट्टीत ठेवायला सांगा, तिथे कित्येक तास राहू द्यायचं. पॅसिव्हेशन त्यानंतर.

बोल्ट कसताना जुना टॉर्क (पान्याने द्यायचा पिळाचा जोर) तसाच लावू नका. टॉर्कचा जवळपास ९० टक्के भाग घर्षणातच जातो, फक्त १० टक्क्यांनी बोल्ट ताणला जातो. त्यामुळे प्लेटिंगवर तेल किंवा वॅक्स असेल तर घर्षण थोडंसंच कमी होऊनही ताण खूप वाढतो आणि बोल्ट लांबतो किंवा तुटतो.

निकेल-क्रोमचा पार्ट हातात आला की पिनहोल तपासून घ्या. मीठ आणि पोटॅशियम फेरिसायनाइडच्या पाण्यात फिल्टर पेपर भिजवून पार्टवर चिकटवा, काही मिनिटांत जिथे स्टील उघडं आहे तिथे निळे ठिपके उठतात. हातमोजे घाला, या पाण्यात ॲसिड अजिबात मिसळू नका, विषारी वायू निघतो. झाल्यावर पार्ट धुऊन पुसून टाका. ठिपके बरेच दिसले तर वरून पॉलिश मारून काही होत नाही, पार्ट परत पाठवा, जुनं प्लेटिंग काढून नवीनच करावं लागतं.