दाणा भरताना: पिकाची राखण आणि बांधावरची सोबत

कणसात दूध भरलं की शेतावरची वर्दळ बदलते. कालपर्यंत बांधावरच्या झाडावरून उतरून अळ्या टिपणारी पाखरं आता थेट कणसावर बसतात. मक्याला दाणा धरल्याचा वास रानडुकराला आपल्याआधी लागतो. भुईमुगाच्या शेंगा भरायला लागल्या की उंदरांची बिळं बांधावरून सऱ्यांकडे सरकतात. हे दरवर्षीचंच आहे, तरी दरवर्षी आपण उशीर करतो. नासाडी दिसली की मग जाळी शोधा, तार शोधा, अशी धावपळ सुरू होते.

या हंगामासाठी सांगणं एवढंच, की राखणीचं वेळापत्रक पिकाच्या वयावरून ठरवा. पेरणीनंतरचे आठ-दहा दिवस, आणि पुढे दाणा किंवा फळ भरायला लागल्यापासून काढणीपर्यंतचे तीन-चार आठवडे. बहुतेक पिकांना खरा धोका याच काळात असतो. तेवढे दिवस राखण कडक ठेवा. उरलेल्या काळात तीच पाखरं, तेच साप, तीच वटवाघळं तुमच्याकडे फुकट राबतात.

आधी चोर ओळखा

सकाळी नुकसान दिसलं की पहिला संशय ज्याच्यावर आपला जुना राग असतो त्याच्यावर जातो. घाई करू नका, खाली वाकून बघा. ससा कोवळा शेंडा तिरका तोडतो, अगदी सुरीने कापल्यासारखा. हरणाला आणि नीलगाईला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात. ती पाला ओढून तोडतात, म्हणून देठाच्या टोकाच्या चिंध्या झालेल्या दिसतात. साळिंदर बुंध्याशी कुरतडतं, तिथे रुंद दातांच्या खुणा राहतात आणि नशीब असेल तर एखादा काटाही सापडतो. रानडुक्कर जमीन नांगरल्यासारखी उकरतं आणि ताटं आडवी करून खातं. पोपट खातो त्यापेक्षा जास्त खाली टाकतो.

मी स्वतः एका मोसमात पेरू कुरतडलेले पाहून वटवाघळांना दोष दिला आणि रोज संध्याकाळी झाडं झाकत बसलो. खारी भर दुपारी येऊन खात होत्या. झाडाखाली दुपारी पंधरा मिनिटं बसलो असतो तर आठवडा वाचला असता.

उंदरांसाठी एक जुनी आणि खात्रीची पद्धत आहे. संध्याकाळी दिसतील ती सगळी बिळं मातीने बुजवा. सकाळी जेवढी पुन्हा उघडलेली दिसतील तेवढीच वापरातली. बाकीच्यांवर वेळ घालवू नका. नुकसानीचा फोटो त्याच सकाळी काढा, शेजारी चप्पल किंवा काठी ठेवा म्हणजे खुणेचा आकार कळतो. पुढे कुणाला दाखवायची वेळ आली तर नुसत्या बोलण्याला वजन नसतं.

पाखरं: थांबा कधी द्यायचा, कधी काढायचा

पीक गुडघ्याएवढं असताना शेतात इंग्रजी टी अक्षरासारखे पक्षी थांबे उभे करतात. पिकापेक्षा फूट-दीड फूट उंच काठी आणि तिला एक आडवी फांदी, बस. त्यावर बसून कोतवाल आणि वेडे राघू किडे पकडतात, मैना खाली उतरून अळ्या वेचतात. हे सगळे जण करतात. विसरतात ते पुढचं: कणसात दाणा भरायला लागला की हे थांबे काढायचे असतात. नाहीतर त्याच काठीवर बसून दाणे खाणारी पाखरं निवांत कणीस निवडतात. कीटक खाणाऱ्या पाखरांसाठी केलेली सोय दाणा खाणाऱ्यांच्या पथ्यावर पडते. यंदा थांबे उभे केले असतील तर आजच शेतात फेरी मारा आणि कणीस दाबून बघा. दूध येत असेल तर काठ्या उपटा.

पाखरं हाकलण्याच्या साधनांचा एकच दोष आहे, पाखरं शिकतात. चकाकणारी फीत वाऱ्यावर फडफडते, गुणगुणते, उन्हात चमकते. पहिले काही दिवस तिचा धाक असतो. दोनेक आठवड्यांत तो ओसरतो. म्हणून फीत महिनाभर आधी लावून ठेवणं म्हणजे पाखरांना सराव देणं. दाणा भरू लागला त्याच दिवशी लावा, ताणताना मध्ये दोन-चार पीळ द्या म्हणजे वाऱ्यात ती जास्त वाजते. बुजगावण्याची जागा दर दोन-तीन दिवसांनी बदला, सदरा बदला. एकाच जागी महिनाभर उभ्या बुजगावण्याच्या खांद्यावर मैना बसलेली कुणी पाहिली नाही? आवाज, फीत आणि माणसाची फेरी आलटून पालटून वापरली तर धाक टिकतो. सगळ्यांत जास्त राखण सूर्योदयानंतरचे दोन तास आणि सूर्यास्तापूर्वीचे दोन तास हवी, कारण पाखरं मुख्यतः तेव्हाच खातात. दुपारी तुम्हीही विसावा घ्या.

आणखी एक गोष्ट यंत्राने होत नाही, शेजाऱ्याशी बोलून होते. परिसरात एकट्याचंच पीक लवकर किंवा उशिरा पिकलं तर सगळा थवा त्याच्याच शेतावर उतरतो. सगळ्यांचं पीक एकदम तयार झालं तर नुकसान वाटलं जातं. पुढच्या पेरणीची तारीख ठरवताना हे डोक्यात ठेवा.

पाखरं समूळ संपवून प्रश्न सुटत नाही, हे एका देशाने फार मोठी किंमत मोजून पाहिलं आहे. चीनमध्ये १९५८ मध्ये चिमण्यांविरुद्ध देशभर मोहीम निघाली. चिमण्या दाणे खातात हे खरंच होतं, पण पिल्लांना त्या किडे भरवतात हे हिशेबात धरलंच नव्हतं. किडींनी उच्छाद मांडला आणि १९६० मध्ये नष्ट करायच्या जीवांच्या यादीतून चिमणी काढून तिच्या जागी ढेकूण घातला गेला.

फळबाग आणि जाळी

जाळी हा फळांसाठी सर्वांत खात्रीचा उपाय आहे आणि चुकीची जाळी सर्वांत क्रूर. मोठ्या भोकांची, बारीक धाग्याची, सैल जाळी झाडावर टाकली की तिच्यात वटवाघळं, घुबडं, साप अडकतात आणि तडफडून मरतात. अडकलेला साप सोडवताना माणूसही धोक्यात येतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २०२१ पासून घरगुती फळझाडांसाठी ताणल्यावरही ५ मिलिमीटरपेक्षा मोठी भोकं असलेली जाळी वापरायला बंदी आहे. मोजपट्टी लागत नाही: जाळीतून करंगळी आरपार गेली तर ती जाळी झाडासाठी नाही. पांढरी जाळी घ्या, रात्री दिसते. चौकटीवर ताणून बसवा, खालच्या कडा जमिनीला मोकळ्या लोंबू देऊ नका आणि रोज सकाळी एक चक्कर मारा. झाडं थोडी असतील तर फळांना पिशव्या बांधणं सोपं पडतं. पक्ष्यांबरोबर फळमाशीही आटोक्यात राहते.

उंदीर आणि त्याचा वैरी

उंदरीण तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं होतात आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः वीण करू लागतात. त्यामुळे पीक उभं असताना उंदीर मारत बसण्यापेक्षा बांध मोडून, गवत काढून, काडीकचऱ्याचे ढीग हलवून आधीच त्याची जागा कमी करणं परवडतं. रक्त गोठू न देणारी विषारी आमिषं वापरताना दहा वेळा विचार करा. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस मंदावलेला, उघड्यावर फिरतो. आणि असाच उंदीर घुबडाला, मुंगसाला, मांजराला सहज सापडतो. विष त्यांच्या पोटात जातं, मग पुढच्या मोसमात उंदीर आहेत आणि त्यांना खाणारं कुणी नाही.

घुबड अशुभ असतंच, पण उंदरासाठी. गव्हाणी घुबडाची जोडी पिल्लं वाढवत असताना एका रात्रीत अनेक उंदीर आणते. १९८३ मध्ये इस्रायलमधल्या एका किबुत्झने, म्हणजे सामूहिक शेती करणाऱ्या वस्तीने, विषाऐवजी घुबडांसाठी पेट्या लावायला सुरुवात केली. पुढे २००२ पासून सीमेपलीकडचे जॉर्डनमधले शेतकरीही त्यात आले. दोन देशांमधलं राजकारण काहीही असो, उंदीर दोन्हीकडे सारखाच आणि घुबड सीमा मानत नाही.

पेटी करायची असेल तर जाड लाकडाची, साधारण अर्धा मीटर लांब-रुंद, दार हाताच्या वीतभर, तळाला भुसा. जमिनीपासून तीन-चार मीटर उंच, दार वारा-पावसाकडे पाठ करून, आणि वाहत्या रस्त्यापासून लांब. रात्री जमिनीलगत उडणारं घुबड गाडीखाली फार सहज येतं. पेटी लावली की लगेच भाडेकरू येईल असं नाही, कधी एखादा हंगाम थांबावं लागतं. धामण दिसली तर तिलाही जाऊ द्या. ती बिनविषारी आहे आणि बिळात शिरून उंदीर खाते, जे घुबडाला जमत नाही.

रानडुकरं

यांच्या बाबतीत मी भाबडा नाही. कळप आत आला की एका रात्रीत अर्धं शेत जातं, आणि एकदा चव कळली की तेच कळप परत येतात. म्हणून कुंपण कणसं भरण्याआधी लागलं पाहिजे. सौर झटका मशीन आणि दोन तारा पुरतात: खालची जमिनीपासून वीतभर, म्हणजे २० सेंटीमीटरच्या आसपास, वरची ४५ च्या आसपास. डुक्कर नाकाने चाचपत येतं, झटका नाकाला बसला तर शिकतं. तार उंच बांधली तर ते खालून जातं आणि केसाळ पाठीला काही जाणवत नाही. तारेला टेकलेलं गवत दर आठवड्याला कापा, नाहीतर ताकद जमिनीत जिरते. कोरड्या दिवसांत मशीनच्या जमिनीत गाडलेल्या सळईभोवती पाणी ओता, ओल नसेल तर झटका अशक्त होतो. आणि मशीन दोन दिवस बंद ठेवू नका, त्यांना कळतं.

घरातल्या वीजजोडणीची तार थेट कुंपणाला जोडू नका. एकदाही नाही, एका रात्रीपुरतीही नाही. झटका मशीन क्षणभराचा ठोका देतं आणि थांबतं. घरची वीज सोडत नाही. त्यात डुकराआधी आपलंच जनावर किंवा पहाटे पाणी धरायला आलेला माणूस जातो. फासे आणि स्फोटक आमिषांचंही तसंच. कोणते प्राणी संरक्षित आहेत, कुंपणाचे नियम काय, हे वनखात्याकडून आधी विचारून घ्या.

माकडांबद्दल थोडक्यात: त्यांना कुणीच खाऊ घालायचं नाही, तोडणी झालेली फळं बांधावर टाकायची नाहीत, आणि जंगलाकडच्या कडेला हळद, आलं, मिरचीसारखं काही घ्यायचं, ज्याला ती सहसा हात लावत नाहीत. बाकी सगळे उपाय काही दिवसांचे. माणूस आणि कुत्रा, हीच राखण टिकते.

साप निघण्याचे दिवस

काढणीच्या वेळी उंदीर सैरावैरा होतात आणि त्यांच्या मागे साप. पेंढ्या उचलताना आधी काठीने हलवा, मग हात घाला. पायात घोट्यापर्यंतचे बूट, अंधारात हातात बॅटरी. सर्पदंशाने जगात दरवर्षी ८१ हजार ते १ लाख ३८ हजार माणसं दगावतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यातली बहुतेक शेतावर राबणारी, गरीब माणसं असतात. चावलाच तर घट्ट दोरी बांधू नका, चिरू नका, तोंडाने चोखू नका. अंगठी, कडं काढा. अवयव फळीला बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालू देऊ नका, आणि थेट रुग्णालय गाठा. साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही, त्यात दुसरा दंश होतो.

थोडं त्यांच्यासाठी

उभ्या कडांच्या उंच पाण्याच्या टाक्यांत खारी, सरडे, पिल्लं पडून मरतात. आत एक खरबरीत फळी तिरकी टेकवून ठेवली की झालं. पाखरांसाठी पाणी ठेवायचं तर भांडं उथळ हवं, दोन-तीन बोटं पाणी आणि मध्ये एक दगड. दर दोन दिवसांनी ओतून घासा, म्हणजे डास होणार नाहीत आणि पाखरांचे रोगही पसरणार नाहीत. फुलोऱ्यातल्या पिकावर फवारणी टाळता येत नसेल तर सूर्य मावळताना करा, तेव्हा मधमाश्या परतलेल्या असतात. बांधाची एखादी उताराची, ऊन खाणारी बाजू नांगराविना सोडा. एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांच्या बहुतेक जाती जमिनीतच घर करतात, आणि भोपळा-काकडीची फळं धरतात ती या असल्या माश्यांच्या पायांनी.

घरट्यातून खाली उतरलेलं पिसांचं पिल्लू दिसलं तर उचलून घरी आणू नका, आई जवळपास असते. मांजर आत घ्या, तेवढं पुरे. वटवाघूळ जमिनीवर पडलेलं दिसलं तर मात्र हात लावायचा नाही.

राखणीला बसावंच लागतं, तर एक लहान वही जवळ ठेवा. कुठल्या तारखेला पहिला पोपटांचा थवा आला, डुकरं कोणत्या बाजूने आली, घुबड किती वाजता बोललं. दोन-तीन वर्षांत ही वही कुठल्याही सल्ल्यापेक्षा, म्हणजे याही सल्ल्यापेक्षा, जास्त उपयोगी पडते.

काढणी झाली की फीत आणि जाळी उतरवून कोरड्या जागी गुंडाळा, नाहीतर उंदीर तिच्यातच घर करतील. झटका मशीनची बॅटरी काढून ठेवा. आणि पुढचं पीक गुडघ्याशी आलं की उपटलेले पक्षी थांबे पुन्हा रोवा.