हातडस्टरने परसबागेत गंधक कसे धुरळावे

डिसेंबर-जानेवारीत मटाराच्या पानावर पीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले की समजावे, भुरी आली. बोटाने पुसले तर निघते, चार दिवसांत पुन्हा येते. मटार, मिरची, भेंडीवरच्या भुरीला ३०० मेश, म्हणजे अगदी बारीक, गंधकाची भुकटी हा जुना, स्वस्त आणि भरवशाचा उपाय. पाणी लागत नाही, पाठीवर पंप घ्यावा लागत नाही; हातडस्टर, म्हणजे दांडा फिरवून वाऱ्याने भुकटी उडवणारे हातयंत्र, पुरते. फक्त ठिपके मोजके असतानाच सुरुवात करावी. पान पूर्ण पांढरे झाल्यावर गंधकाचाही फारसा उपयोग होत नाही.

आधी दोन गोष्टी तपासा. काकडी, खरबूज यांसारख्या वेलांवर गंधक नको, पाने करपतात. आणि निंबोळी तेल किंवा दुसरे कोणतेही तेल फवारले असेल, तर त्या पिकावर दोन आठवडे गंधक टाकू नका.

वेळ पहाटेची. पानावर दव असते, भुकटी चिकटते. वारा पडलेला असतो, मधमाश्याही बाहेर पडलेल्या नसतात. पारा ३२ अंशांच्या वर जाणार असेल त्या दिवशी हे काम करूच नका. चष्मा, तोंडावर मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. गंधक डोळ्यांत गेले तर आग आग होते. जवळ विडी, शेकोटी काही नको, कारण गंधकाची धूळ पेट घेते.

भुकटी चाळून घ्या, गुठळ्या राहिल्या तर नळी तुंबते. डबा पाऊणच भरा. गच्च दाबून भरलेली भुकटी आत घट्ट बसते आणि मग एकदम ढेकूळ बाहेर पडते. पहिल्या वर्षी माझ्या हातून असेच झाले: एका मिरचीच्या झाडावर पिवळा थर आणि शेजारचे कोरडे.

आता खरे काम हाताचे. आधी दांडा फिरवायला लागा, मिनिटाला ३०-३५ फेरे, एकाच लयीत. पंख्याचा वारा नळीतून सुटला की मगच भुकटी सोडणारी खिट्टी थोडी उघडा. थांबताना उलट: आधी खिट्टी बंद, मग आणखी सात-आठ फेरे, म्हणजे नळी रिकामी होते. वारा ज्या बाजूला वाहतो त्या टोकापासून सुरू करून वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने सरका, प्रत्येक ओळीत वारा आडवा घ्या. तसे केले की भुकटीचा ढग धुरळून झालेल्या ओळींवर जातो, तोंडावर येत नाही. नळीचे तोंड पानांच्या खालून वर धरा. पानावर थर दिसता कामा नये. धुक्यासारखी पुसट फिकट झाक पुरे.

मात्रा हेक्टरी २० किलो, म्हणजे गुंठ्याला २०० ग्रॅम. अर्धा किलो तोलून भरा, एक गुंठा धुरळा, उरलेले पुन्हा तोला. ३०० ग्रॅम उरले तर खिट्टी बरोबर, कमी उरले तर थोडी मिटवा. हे मोजमाप एकदाच करायचे, त्या जागी खिट्टीवर रंगाची खूण करून ठेवायची.

उरलेली भुकटी रात्रभर डब्यात ठेवू नका. ओल धरते आणि पत्राही खाते. डबा उपडा करून थोडे फेरे रिकामे फिरवा, कोरड्या फडक्याने पुसा. शेंगा कधी तोडायच्या ते पाकिटावर लिहिलेले असते, तेच पाळा आणि धुऊन घ्या. दहा-पंधरा दिवसांनी शेंड्याची नवी पाने उलटून बघा; तिथे पुन्हा पीठ दिसले तर दुसरा हात द्या.