वनस्पतिजन्य फिल्मचा अमोनिया सेन्सर बनवताय? या चुका टाळा

मक्याच्या स्टार्चमध्ये किंवा नॅनोसेल्युलोजमध्ये (सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू) पॉलिॲनिलिन, म्हणजे वीज वाहून नेणारं पॉलिमर, मिसळून अमोनिया ओळखणारी फिल्म बनवणं एमएस्सीच्या प्रोजेक्टला सोयीचं पडतं. ती खोलीच्या तापमानाला चालते, हीटर लागत नाही. मात्र आलेखावर मिरवणारा 'जबरदस्त प्रतिसाद' पुष्कळदा अमोनियाचा नसतोच; तो पाण्याच्या वाफेचा असतो.

स्टार्च आणि सेल्युलोज दोन्ही पाण्याला हपापलेले. अमोनियाने पॉलिॲनिलिनचे प्रोटॉन ओढून घेतले की हिरवी फिल्म निळसर होते आणि तिचा विद्युत रोध वाढतो. बाष्पाने तो सहसा उतरतो. म्हणून वायू सोडल्यावर मल्टिमीटरचा आकडा खाली येत असेल, तर लगेच पेढे वाटू नका.

खरा घोळ होतो तो लिकर अमोनियाचा (पाण्यात विरघळलेल्या अमोनियाचा) थेंब चेंबरमध्ये टाकताना. 25 टक्क्यांच्या द्रावणात बाकी सगळं पाणीच! आधी तेवढाच थेंब डिस्टिल्ड पाण्याचा टाकून रीडिंग घ्या. दोन आलेख सारखेच आले, तर तुम्ही आर्द्रतामापक बनवला आहे (तोही वाईट नाही म्हणा). चेंबरमधली आर्द्रता बांधून ठेवायला महागडी यंत्रणा नको: 25 अंशांना मिठाचं संपृक्त द्रावण ती सुमारे 75 टक्क्यांवर धरतं, मॅग्नेशियम क्लोराइडचं 33 टक्क्यांवर. हे न करता मुंबईतल्या जुलैच्या रीडिंगशेजारी नागपूरच्या मे महिन्यातलं ठेवलं, तर तुलना कशाची करणार?

फिल्म तडकली तर तिला लवचीक ठेवणारं ग्लिसरॉल कमी पडलंय. स्टार्चच्या वजनाच्या 25–30 टक्क्यांपासून सुरुवात करा. हात सैल सोडलात तर फिल्म चिकट होते आणि आणखी पाणी ओढते.

काळपट ठिपके म्हणजे पॉलिॲनिलिनच्या गुठळ्या. प्रोब सोनिकेटर (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणारं यंत्र) थांबत थांबत चालवा, भांडं बर्फात ठेवा.

पॉलिॲनिलिनऐवजी झिंक ऑक्साइड घालणाऱ्यांनी एक पाहावं: त्याचे नेहमीचे सेन्सर 200 ते 400 अंशांवर चालतात. तेवढ्या तापात सेल्युलोजचा कोळसा होईल.

आणि 'पर्यावरणपूरक' लिहिण्याआधी साहित्याची यादी वाचा. अशा फिल्ममध्ये घातलं जाणारं कायटोसान बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून येतं, ते वनस्पतिजन्य नव्हे. पॉलिॲनिलिन ज्यापासून बनतं ते ॲनिलिन विषारी आहे. पॉलिॲनिलिन गाळून धुताना निघालेलं आम्लयुक्त पाणी बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत साठवून लेबल लावा.