शंकरपटाच्या फोटोंसाठी कॅमेरा घेताय? या चुका टाळा

आमच्याकडं शंकरपट म्हणतात त्या बैलजोड्यांच्या शर्यतींवर २०१४ मध्ये बंदी आली आणि पट थांबले. डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं अटी घालून परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. आता धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या की आमच्या भंडारा-गोंदियाकडं पट भरायला लागतात. तिकडं अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरचा पट तर नावाजलेलाच. बैलांसोबत आणखी एक जमात आता पटावर दिसते, ती म्हणजे गळ्यात नवाकोरा कॅमेरा अडकवलेली पोट्टी. सकाळी ऐटीत येतात, दुपारून माझ्याजवळ येऊन एकच विचारतात, "भाऊ, फोटो हललेले येऊन रायले. क्यामेरा खराब हाय का?"

कॅमेरा बहुतेक वेळा खराब नसतो. चुकीचा घेतलेला असतो, नाहीतर ऑटोवर ठेवलेला असतो. ऑटोचा इलाज फुकट आहे, तो पुढं सांगतो. चुकीच्या खरेदीचा इलाज महाग पडतो, म्हणून आधी ते.

झूमचा आकडा पाहून कॅमेरा घेणं

ही चूक पाहून पाहून मी थकलो. साकोलीकडचा एक पोरगा, धानाचे चुकारे हाती आल्या आल्या नागपूरला गेला आणि साठ-सत्तर पट झूमचा कॅमेरा घेऊन आला. लेन्स बदलायची भानगड नाही, दिसायला मोठ्या कॅमेऱ्यासारखा, आणि दुकानदारानं समोरच्या इमारतीवरच्या पाटीची अक्षरं वाचून दाखवलेली. पाटी पळत नाही, हे त्या वेळी कोणी लक्षात घेत नाही.

पटावर तो शेवटच्या टोकाला उभा राहिला आणि पूर्ण झूम लावून सुरुवातीच्या रेषेवर नेम धरला. जोडी सुटली. कॅमेऱ्याचं भिंग आत-बाहेर होत फोकस शोधत राहिलं. फोकस लागेपर्यंत जोडी अर्ध्यावर आली होती. एवढ्या झूममध्ये चौकट इतकी बारीक होते की जरा हात हलला की बैल बाहेर. त्याला आधी जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याचा फेटा दिसला, मग नुसती धूळ, मग प्रेक्षकांतले कोणीतरी आजोबा. बटण दाबून धरलं तर कॅमेऱ्यानं सात-आठ फोटो भराभर काढले आणि कार्डावर लिहीत बसला. तेवढ्यात जोडी आमच्या पुढून निघूनही गेली. संध्याकाळी त्यानं मला फोटो दाखवले. सगळ्यात स्पष्ट आला होता तो मंडपाचा खांब.

यात त्या पोराचा हात वाईट नव्हता. अशा बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी पट्टी, असतो साधारण ६ बाय ४.५ मिलिमीटरचा. साध्या डीएसएलआरचा, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याचा, सेन्सर २२ बाय १५च्या आसपास, म्हणजे क्षेत्रफळात अकरा-बारा पट मोठा. लहान सेन्सरवर उजेड कमी पडतो, आणि झूम पूर्ण लांबवला की भिंगाचं तोंडही बारीक होतं, एफ ६ च्या पुढं जातं (एफचा आकडा मोठा, तितकं तोंड बारीक). भर दुपारी चालून जातं. चार वाजता ऊन उतरलं, फायनलच्या जोड्या जुंपल्या, की फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे येतात.

आणि समजा तुम्ही लाखाची लेन्स आणली, तरी दुपारी तापलेल्या जमिनीवरून दोनशे मीटर लांबचा फोटो धडाचा येत नाही. मधली हवाच लहरत असते. मृगजळ तुम्ही डोळ्यांनी पाहता, कॅमेराही तेच पाहतो. यावर एकच उपाय, जवळ जाणं. दोरीच्या बाहेर, शेवटच्या टोकाच्या जरा आधी, सूर्य पाठीशी घेऊन उभं राहायचं आणि जोडी तीस-चाळीस मीटरवर येईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. तिथं डीएसएलआरवर २५० एमएमची लेन्स भरपूर होते. नव्या पोरांना हे थांबणं जमत नाही. जोडी सुटली की तिकडूनच खटखट सुरू.

मेगापिक्सेलबद्दल दोन ओळींच्या वर लिहिण्यासारखं काही नाही. १८ असोत की २४, व्हॉट्सअॅपवर जाऊन सगळे सारखेच होतात.

जुना कॅमेरा न तपासता उचलणं

तीस-चाळीस हजारांत पळत्या गोष्टींचे फोटो काढायचे असतील तर माझं मत ठाम आहे: नवा सगळ्यात स्वस्त घेण्यापेक्षा वरच्या दर्जाचा जुना घ्या. कॅनन १५००डी नवा मिळतो, पण सेकंदाला तीन फोटो आणि नऊ फोकस पॉइंट, म्हणजे चौकटीत फोकस धरता येणाऱ्या नऊच जागा. तीन फोटोंत बैलाचे चारही पाय हवेत असलेला क्षण सापडला तर ते नशीब. त्याऐवजी २०१३ चा कॅनन ७०डी घ्या, सेकंदाला सात फोटो, १९ पॉइंट आणि सगळे क्रॉस टाइप, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही रेषांवर फोकस धरणारे. निकॉनमध्ये डी७२००, सहा फोटो आणि ५१ पॉइंट. २००९ चा कॅनन ७डी आणखी स्वस्तात मिळतो आणि आठ फोटो काढतो, पण त्याला कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लागतं. ते कार्ड आणि त्याचा रीडर तालुक्याच्या ठिकाणी शोधत बसाल.

आता जुन्या मालातली फसगत. ओळखीतल्या एकानं निकॉन डी७००० घेतला, चांगला होता. विकणाऱ्यानं वरून ७०-३००ची नवी एएफ-पी लेन्स दिली, "ही तर नवीन टेक्नॉलॉजी आहे" म्हणून. घरी येऊन लावली, तर फोकस होईना. हातानं रिंग फिरवली, तरीही होईना. आठ दिवस तो बिचारा कॅमेऱ्याला शिव्या देत होता. खरी गोष्ट अशी, की एएफ-पी लेन्समध्ये हाताची रिंगसुद्धा आतली मोटरच चालवते, आणि डी७०००, डी५१००, डी३२०० यांसारख्या जुन्या बॉडींना ती मोटर चालवता येत नाही. लेन्स चांगली, बॉडी चांगली, फक्त दोघांचं जमत नाही. विकणाऱ्यानं परत घ्यायला साफ नकार दिला. उलटीही गंमत आहे: निकॉनच्या जुन्या डी प्रकारच्या लेन्समध्ये मोटरच नसते, त्या डी५३०० किंवा डी३५०० वर आपोआप फोकस करत नाहीत. डी७००० आणि डी७२०० वर करतात. म्हणून लेन्सचं पूर्ण नाव वाचा, नुसतं "सत्तर-तीनशे" ऐकून पैसे काढू नका.

मी जुना कॅमेरा पाहायला जातो तेव्हा दुकानातल्या काउंटरवर फोटो काढतच नाही. बाहेर रस्त्यावर येतो. दुकानातल्या पोराला म्हणतो, "जा, तिकडून गाडी घेऊन सरळ माझ्याकडं ये." पळत्या गोष्टीवर सतत फोकस ठेवणारा मोड, कॅननमध्ये एआय सर्वो, निकॉनमध्ये एएफ-सी, लावतो, मधला पॉइंट गाडीच्या नंबर प्लेटवर धरतो आणि गाडी जवळ येईपर्यंत बटण दाबून ठेवतो. मग प्रत्येक फोटो मोठा करून नंबर वाचतो. पहिला स्पष्ट आणि पुढचे पुसट, तर फोकस मागं पडतोय. प्लेट धूसर आणि मागची पानटपरी स्पष्ट, तर फोकस दुसरीकडंच बसतोय. दुकानदार वैतागतो. वैतागू द्या.

लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या लेन्सला ती हमखास धरते. कितीही स्वस्त असली तरी ठेवून या. निकॉनचा शटर काउंट, म्हणजे आतापर्यंत किती फोटो काढले तो आकडा, फोटोच्या फाइलमधून कळतो, कॅननच्या बहुतेक मॉडेलला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. "फक्त घरी वापरला" हे वाक्य मोजू नका, ते प्रत्येक जुन्या कॅमेऱ्यासोबत फुकट येतं.

दोन लेन्सच्या पॅकेजला भुलणं

पॅकेजमधली कॅननची ७५-३०० स्वस्त आहे, कारण तिला स्थिरीकरण (आयएस) नाही आणि मोटर सुस्त आहे. ५५-२५० आयएस एसटीएम घ्या. पन्नास एमएम कमी पडतात म्हणून काही बिघडत नाही.

आयएस आहे म्हणून निश्चिंत राहणं

लेन्समधलं स्थिरीकरण तुमचा हात सांभाळतं. बैल थांबवत नाही. बैल थांबवायला शटर स्पीड लागतो, किमान १/१००० सेकंद. इथं येते ती फुकटची दुरुस्ती. डायल शटर प्रायॉरिटीवर ठेवा (कॅननवर टीव्ही, निकॉनवर एस), १/१००० लावा, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील तो आकडा) ऑटो करून वरची मर्यादा ३२०० ठेवा. कडक उन्हात एफ ५.६ ला आयएसओ २०० वर १/१६०० सुद्धा मिळतो, त्यामुळं दुपारी चिंता नाही. संध्याकाळी आयएसओ वर चढतो, दाणे येतात, येऊ द्या. दाणेदार पण स्पष्ट फोटो धुरकरी फ्रेम करून भिंतीला लावतो, गुळगुळीत पण हललेला कोणी लावत नाही. एवढंही पाठ होत नसेल तर पळत्या माणसाचं चित्र असलेला मोड लावा, मी हसणार नाही. हसू येतं ते हललेला फोटो अॅपमध्ये टाकून "शार्प" करणाऱ्यांचं. त्यात बैलाच्या डोळ्याला प्लास्टिकची चकाकी येते.

बाकीच्या, थोडक्यात

डीएसएलआर मोबाइलसारखा हात लांब करून स्क्रीनवर पाहत धरू नका. तसं केलं की बहुतेक जुन्या मॉडेलमध्ये फोकस रांगायला लागतो, आणि हातही थरथरतो. डोळा लावा.

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, घेत असाल तर जोडी पळताना पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवा, स्वस्त मॉडेलमध्ये चाकाचे आरे वाकडे येतात. सोनीचा ए६००० जुन्यात चांगला आहे, सेकंदाला ११ फोटो, पण बॅटरी लवकर संपते, दोन जास्तीच्या ठेवा. नवे कॅमेरे कुत्रा, मांजर, पक्षी आपोआप ओळखतात म्हणे. बैल ओळखतो असं मात्र मी अजून एकाही डब्यावर वाचलेलं नाही.

कार्डावर मोठ्या अक्षरात लिहिलेला वेग हा बहुधा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नाही. यू३ किंवा व्ही३० ची खूण पाहा, म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची हमी. अर्ध्या किमतीतलं १२८ जीबीचं कार्ड आठवडी बाजारातून घेऊ नका.

बैलांवर फ्लॅश मारू नका. जोडी बिचकली तर दोरीच्या बाहेर लोकांत शिरते, आणि लोक तुम्हाला मारतील ते वेगळं.

पटावर लेन्स बदलू नका. बदलावीच लागली तर गाडीत बसून, काचा लावून, कॅमेऱ्याचं तोंड खाली करून.

रात्रीच्या कबड्डीला हीच ५५-२५० घेऊन येणाऱ्यांना काय सांगावं! हॅलोजनच्या उजेडात एफ ५.६ वर काही हाती लागत नाही. तिथं ५० एमएम एफ १.८ लावा, अगदी रेषेजवळ बसा, आयएसओ ३२०० आणि १/५०० ठेवा. एलईडीचे दिवे असतील तर एका फोटोत उजेड आणि दुसऱ्यात अंधार असं होतं, तेव्हा कॅमेरा दुरुस्तीला टाकू नका. दिवे लुकलुकतात म्हणून ते होतं. मेन्यूत अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा, नसेल तर जास्त फोटो काढा आणि काळे आलेले पुसून टाका.