जुन्या मारुती ८००चा पार्ट मागवण्याआधी

‘मारुती ८००, ९८ मॉडेल’ एवढं सांगून काउंटरवर उभं राहिलात तर चुकीचा डबा हातात पडायची शक्यता मोठी. बेळगाव, निपाणी, खानापूर भागातल्या कितीतरी गाड्या कोल्हापूर नाहीतर गोव्याहून एनओसीवर (ना-हरकत दाखल्यावर) आलेल्या. केए-२२, केए-२३ हे नंबर मागाहून पडलेले. त्यावरून गाडीचं वय काढू नका. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष बघा.

मग बॉनेट उघडा. चॅसी नंबर शोधा. तो आणि ब्लॉकवरचा इंजिन नंबर घासून पुसा, फोटो काढा, आरसीशी ताडा. इंजिन नंबर जुळत नसेल तर इंजिन बदललंय, कदाचित मारुती ओम्नी व्हॅनचं असेल. (आरसीवर नोंद नसेल तर आधी ते काम उरका.) ओम्नीतही ७९६ सीसीचं एफ८बी इंजिनच, पण तिथं ते लांबीत बसतं आणि ८००मध्ये आडवं. सम्प (खालचं ऑइलचं भांडं), मॅनिफोल्ड, माउंटिंग एकाचं दुसऱ्याला चालेल असं धरू नका. अशा गाडीचे ब्रेक, सस्पेन्शन, बॉडीचे पार्ट चॅसी नंबरावरून शोधायचे. इंजिनचे, बसलेल्या इंजिनावरून.

कॅटलॉगमध्ये चित्रातला क्रमांक तक्त्यात शोधला की पार्ट नंबर मिळतो. घाई नडते ती शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात: अमुक चॅसीपर्यंत, अमुकपासून पुढे, कार्ब्युरेटर की एमपीएफआय (इंधन इंजेक्शन). डावं-उजवं ड्रायव्हरच्या सीटवर बसून ठरतं, गाडीसमोर उभं राहून नव्हे.

नंबरातले पहिले पाच आकडे पार्टचा प्रकार सांगतात: १६५१० ऑइल फिल्टर, १३७८० एअर फिल्टर, ०९२८३ ऑइल सील. पुढचा भाग मॉडेलचा. तिथला एक आकडा चुकला की फिल्टर दुसऱ्याच गाडीचा. जुन्या नंबराऐवजी नवा आला असेल तर नवा सहसा जुन्या गाडीला चालतो, उलट चालेलच असं नाही.

सील मोजताना झिजलेला ओठ (रबराची आतली कड) मोजू नका. व्हर्नियर शाफ्टला आणि हाउसिंगला लावा. बेअरिंगवर ६३०३ असेल तर १७ × ४७ × १४ मिमी, कुठल्याही चांगल्या कंपनीचं चालेल. पिस्टनचा नंबर मात्र बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मोजल्याशिवाय देऊ नका: स्टँडर्ड, ०.२५ आणि ०.५० मिमी ओव्हरसाइज यांचे नंबर वेगळे.

कंपनीनं बनवणं बंद केलेला साधा बुश बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर करून मिळतो. ब्रेक सिलिंडर आणि स्टिअरिंगचे सांधे तसे करून घेऊ नका.